सील शाबूत, करंट गायब

वरठीला स्टेशनच्या रस्त्यावर मी ज्या घरात भाड्यानं राहत होते, त्या घरात लोणच्याच्या बरणीलाही सील होतं. लाल लाखेचं, वर अंगठीचा ठसा मारलेलं. घरमालकीणबाईंना कैरीची फोड हवी असली की त्या आधी नवऱ्याला हाक मारायच्या. ते यायचे, चष्मा कपाळावर सरकवून बरणी उजेडाकडे धरायचे, "शाबूत आहे" म्हणायचे आणि मगच सील फोडायचे. जेवणं झाली की पुन्हा लाख वितळवायची, पुन्हा ठसा. तुम्हाला याचा त्रास होत नाही का, असं मी मावशींना, म्हणजे घरमालकीणबाईंना, एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "लोनचं खराब नाही होत बाई. हवा लागत नाही." मला ते पटलं. लोणचं खरोखरच चांगलं राहायचं.

हे गृहस्थ रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. मी राहायला गेले तेव्हा निवृत्त होऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते आणि गाडी अंगातून उतरली नव्हती. गाव त्यांना गार्डसाहेब म्हणायचं, मी काकाजी म्हणायचे. त्यांना नाव होतं, पण पोस्टमनसुद्धा "गार्डसाहेबांचं" म्हणून पत्र टाकायचा, तेव्हा मीही ते इथे लिहीत नाही.

मालगाडीचा गार्ड शेवटच्या डब्यात एकटा बसतो. पुढचं ड्रायव्हर बघतो. गार्डनं मागं बघायचं, आणि गाडी थांबली की कंदील घेऊन वॅगनांची सीलं तपासत जायचं. "माझ्या डब्याच्या मागं कोनीच नसे," ते म्हणायचे, "अन् तरी बी माल जात होता. मंग सांगा, भरोसा कोनावर ठेवावा?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं हे मला लवकरच कळलं. एका बाईनं एकदा "देवावर" असं उत्तर दिलं होतं. तिला त्यांनी विचारलं, "मंग देवळाले कुलूप काहून लावते?"

खोली बघायला गेले तेव्हा माझी झडतीच झाली.

"गाव कोनतं?"

"दिघोरी."

"कोनती दिघोरी?"

"लाखांदूरकडची. घरी धानाची शेती आहे."

"मंग इतक्या दूर काहून आल्या?"

"बदली झाली. इथल्या शाळेत."

"कोनं केली?"

"साहेबांनी."

"त्यांच्याशी तुमचं काय बिघडलं होतं?"

मी म्हटलं, "खोली द्यायची असेल तर द्या, नाहीतर मी दुसरीकडे बघते." ते खूश झाल्यासारखे म्हणाले, "ठीक आहे. गोड बोलनारी बाई असती तर नसती देल्ली."

खोली मिळाली. माझ्या खोलीसाठी लावलेल्या विजेच्या मीटरवर त्याच संध्याकाळी लाल सील बसलं. महिन्याच्या सुरुवातीला ते फोडायचं, आकडा दोघांनी वाचायचा, पुन्हा सील. मला त्यात काही गैर वाटलं नाही. आकडा मी पण वाचायचे, त्यांनी वाचल्यावर माझ्या डोळ्यांनी पुन्हा. ते मला आवडायचे नाहीत आणि मी त्यांना, पण आमचं जमायचं.

घरात दोन घड्याळं होती. एक चुकलं तर दुसऱ्यावरून कळावं म्हणून. दोन्हींत फरक पडला की काकाजी स्टेशनावर चालत जायचे आणि स्टेशनचं घड्याळ मागं पडलंय असं ठरवून परत यायचे. दूधवाल्यानं माप ओतलं की पहिला घोट त्यालाच प्यावा लागायचा. तो बिचारा म्हणायचा, "गार्डसाहेब, माझ्याच म्हशीचं हाय." काकाजी म्हणायचे, "म्हनूनच तर."

अशा माणसाच्या घरी स्कूटर आली.

त्या काळी स्कूटर दुकानात जाऊन आणायची वस्तू नव्हती. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. काकाजींनी नोकरीत असताना नंबर लावला होता आणि गाडी आली निवृत्तीनंतर. निळी-राखाडी, चकचकीत. स्टेशनच्या रस्त्यानं कारखान्याच्या पाळीला जाणारे लोक सायकली थांबवून बघायला लागले. मावशींनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. काकाजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं आणि विचारलं, "इतके वर्स कुठं होती?" म्हणजे मधल्या काळात ती कुणी वापरली तर नाही ना.

गाडीत त्यांना सगळ्यांत प्रिय होता हॉर्न. नोकरीत गळ्यात शिट्टी असायची; ती गेली आणि तिच्या जागी हा आला. बाजारात जाताना, कोपऱ्यावर, रिकाम्या रस्त्यावर, बैल दिसला तर, बैल नसला तरी, ते हॉर्न वाजवायचे. "गार्डनं इशारा देल्ल्याबिगर गाडी हलत नाही." ती स्कूटर किक मारली की सुरू व्हायची, त्याला बॅटरी लागत नसे. इंजिन फिरलं की मोठा दिवाही लागायचा. बॅटरी होती ती हॉर्नसाठी आणि मागच्या लहान दिव्यासाठी. म्हणजे बॅटरी उतरली तर दुसऱ्या कुणाचं काही अडलं नसतं. काकाजींचं सगळंच अडलं.

एके दिवशी सकाळी त्यांनी अंगणात बटण दाबलं आणि हॉर्नमधून सर्दी झालेल्या माणसासारखा आवाज आला. दुसऱ्या दिवशी तोही नाही. काकाजी माझ्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, रात्री कोनी आलं होतं?"

"कुठे?"

"वऱ्हांड्यात."

"मी झोपले होते."

"हं," ते म्हणाले. या 'हं'चा अर्थ मला माहीत होता. माझी नोंद झाली.

त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत शालिकचं गॅरेज होतं. शालिक पंचविशीतला, तोंडानं फटकळ, हातानं चलाख. कारखान्यातल्या लोकांच्या मोटारसायकली, सायकली, कधी एखादी जीप, सगळं तो करायचा. कुलूप लावून तो घरी गेला की काकाजी त्या कुलपावरही लाखेचं सील मारायचे आणि सकाळी तो आल्यावर तपासून फोडायचे. दुकान शालिकचं, कुलूप शालिकचं, सील यांचं. शालिक गिऱ्हाइकांना सांगायचा, "माझं दुकान मालगाडीचा डबा हाय. गार्ड आल्याबिगर उघडत नाही."

शालिकवर संशय घ्यायला कारणही होतं, नाही असं नाही. आमच्याकडे धान कापून झालं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगावी मांडव, रात्रभर नाटक, आणि जिथं विजेचा भरवसा नाही तिथं भोंगे बॅटरीवर. आदल्या साली जवळच्या करडी गावच्या नाटकाला शालिकनं दुरुस्तीला आलेली एका कंत्राटदाराच्या जीपची बॅटरी देऊन टाकली होती. नाटक रंगात आलं, नायक आईच्या पायाशी पडून रडायला लागला आणि भोंगा मेला. नायक रडतोय हे पहिल्या चार रांगांनाच कळत होतं, मागचे लोक ओरडायला लागले, आणि त्या मागच्या लोकांत कंत्राटदार होता. त्यानं आपली बॅटरी ओळखली. ही गोष्ट तालुकाभर सांगितली गेली. शालिकही ती हसत सांगायचा. पण त्यामुळे वरठीत कुणाचीही बॅटरी उतरली की लोक आधी विचारायचे, कालचं नाटक कुठं होतं?

काकाजींनी मात्र शालिकला गाडी दाखवलीच नाही. ज्याच्यावर संशय त्याच्या हाती माल द्यायचा नाही. त्यांनी बॅटरी स्वतः काढली, गमछ्यात गुंडाळली आणि अंगणातून दुकानात नेली.

"चार्ज कर."

"गाडी कुठं हाय?"

"तुले बॅटरी देल्ली ना?"

शालिकनं ती चार्जरवर लावली, पाणी भरलं, दिवसभर ठेवली, संध्याकाळी तिच्यावर बल्ब पेटवून दाखवला. काकाजी घेऊन गेले. हॉर्न खणखणीत. मग पुन्हा मेला.

पुन्हा गमछा. या वेळी शालिक म्हणाला, गाडी चालताना इंजिनाचा करंट बॅटरीपर्यंत पोचत नसेल, मधला रेक्टिफायर गेला असेल. रेक्टिफायर म्हणजे इंजिनातली वीज बॅटरीला पचेल अशी करून देणारा एक लहानसा डबा. "गाडी आना, पाहून देतो." काकाजींनी तो डबाच काढून आणला. शालिकनं तपासला, ठीक निघाला. तरी शंका नको म्हणून नवा दिला. काकाजींनी जुना मागून घेतला, एका खोक्यात टाकला आणि खोक्याला सील केलं.

"गार्डबाबू," शालिक एकदा चिडून म्हणाला, "आजारी मानूस घरी ठेवता अन् त्याचा हात कापून डागदरकडे आनता. डागदरनं काय करावं गा?"

"हात बरा कर," काकाजी म्हणाले. "बाकीचा मानूस माझ्याजवळ हाय."

गाडीच्या डाव्या अंगाला जे झाकण असतं, ज्याच्या आत बॅटरी बसते, त्यावर तोवर सील आलं होतं. सुतळी, लाख, ठसा. त्यावर जुनी ताडपत्री. रोज सकाळी ताडपत्री उठायची, काकाजी सील बघायचे आणि ओरडायचे, "सील शाबूत!" आणि मग बटण दाबायचे. शांतता. सील शाबूत, करंट गायब.

हे त्यांना फार लागलं. सील तुटून माल गेला तर ती चोरी. सील शाबूत राहून माल गेला तर तो घरभेद, म्हणजे ज्याच्याजवळ दुसरा ठसा आहे तो. त्यांनी आपली अंगठी बोटातून काढून बघितली. मावशींना विचारलं. मला विचारलं, मी शाळेत लाख वापरते का. मी म्हटलं, आम्ही खडू वापरतो. शेवटी सगळी बोटं एकाच माणसाकडे गेली. काकाजी दुकानाच्या उंबऱ्यावर उभे राहून म्हणाले, "होळीपर्यंत खोली खाली कर."

आता इथे शालिकचं काय जाणार होतं ते सांगायला हवं. त्याचं लग्न ठरलं होतं, करडीची मुलगी. तिच्या बापानं आधी नकार दिला होता. नाटकाची गोष्ट त्याच्याच गावातली. मग तो स्वतः वरठीला आला, दुकान बघितलं, स्टेशनचा रस्ता बघितला, गिऱ्हाइकं बघितली आणि हो म्हणाला. म्हणजे त्यानं मुलगी शालिकला दिली नव्हती, दुकानाला दिली होती. स्टेशनच्या रस्त्यावर दुसरी खोली मिळणं शक्य नव्हतं. आणि गार्डसाहेबांनी चोरीवरून काढला हे एकदा पसरलं की दुसरं कोण देणार? दुकान गेलं की सोयरीक गेली, आणि शालिक परत भावाच्या धानाच्या बांधीत रोवणीला.

तो माझ्याकडे आला. "बाई, तुमी सांगा ना त्याहिले. तुमचं आयकते."

"ते कुणाचंच ऐकत नाहीत. तू घेतलीस का बॅटरी?"

"बाई, तुमी बी?"

"विचारलं. हो की नाही?"

"नाही! आईची आन. तेवढ्याशा बॅटरीवर भोंगा तर सोडा, नाटकातला उंदीर नाही बोलनार."

हे उत्तर मला शपथेपेक्षा जास्त पटलं. तरी मी दुकानात जाऊन त्याचा चार्जर, मागची मोरी, फळ्यांखालची जागा, सगळं बघून घेतलं. तो हात बांधून उभा होता. "माझ्या घरचं पीठ चाळून घ्या बाई, त्यात बी पाहून घ्या," म्हणाला.

माझा यात रस काय, तर खोली रिकामी झाली तर तिथे पिठाची चक्की येणार असं मावशींनी सांगितलं होतं. माझी खोली भिंतीला भिंत लागून. दिवसभर धडधड आणि वह्यांवर पीठ. शिवाय माझी सायकल शालिककडेच असायची. मला शालिक तिथे हवा होता.

त्या दिवसांत मला एक आवाज ऐकू यायचा. नळाला पाणी पहाटे यायचं, म्हणून मी लवकर उठायचे. वऱ्हांड्याच्या बाजूनं अगदी बारीक 'किर्रर्र' असं काहीतरी व्हायचं, विझत जायचं, बंद पडायचं. मी समजायचे रातकिडा. त्याच्या पाठोपाठ काकाजींचं दार उघडायचं आणि टॉर्चचा उजेड फिरायचा. टॉर्च रोजचाच असल्यामुळे मी दोन्हींचा संबंध जोडला नाही.

तो जोडला शेजारच्या बकरीनं.

रविवार होता. काकाजींनी ताजी चार्ज केलेली बॅटरी बसवली, सील मारलं, ताडपत्री टाकली आणि आंघोळीला गेले. मी वऱ्हांड्यात तांदूळ निवडत होते. बकरी आली, ताडपत्रीचं टोक चावलं, मग तिला तिथे लोंबणारी बारीक तार सापडली. तिनं ती ओढली. आणि गाडीच्या पोटातून घंटी वाजायला लागली. जोरात, एखाद्या साहेबाच्या टेबलावरच्या घंटीसारखी, न थांबता.

काकाजी ओल्या अंगानं, टॉवेल धरून बाहेर आले, बकरीला लाथ घालायला गेले, ती चुकली, मग सीटखाली हात घालून त्यांनी काहीतरी दाबलं. घंटी थांबली. माझ्याकडे वळून म्हणाले, "अलारामचं घड्याळ होतं."

"गाडीत?"

"हो."

"गाडीला उठवायला?"

ते आत निघून गेले. मी तांदूळ निवडत बसले, पण आवाज कानात होता. तोच आवाज. पहाटेचा रातकिडा हीच घंटी होती. फक्त पहाटे ती मरायला टेकलेली असायची आणि आत्ता तिचं पोट भरलेलं होतं.

दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मावशी आतल्या घरात होत्या.

"काकाजी, घंटी तुम्ही बसवली ना?"

"कोनी सांगतलं?"

"बकरीनं."

ते खुर्चीत ताठ झाले. पण माणसाला आपल्या हुशारीबद्दल बोलायला कुणीतरी हवंच असतं, आणि ही हुशारी त्यांनी बायकोलाही सांगितलेली नव्हती. दरवाजाकडे एकदा बघून ते हळू आवाजात सुरू झाले. भंगारवाल्याकडून त्यांनी एक रिले आणला होता. त्यातून करंट वाहत असला की तो घंटी दाबून धरतो. गाडीभोवती बारीक तार गुंडाळायची; चोरानं ती तोडली की करंट तुटतो, रिले सुटतो, घंटी वाजते.

"रेल्वेची पद्धत हाय," ते म्हणाले. "करंट चालू, म्हनजे सब ठीक. तुटला, का खतरा. दुनियेत यापेक्षा पक्का पहारा नाही."

"म्हणजे रात्रभर करंट चालू असतो?"

"मंग! नाही तर पहारा कायचा?"

"आणि तो येतो कुठून?"

"कुठून म्हनजे? बॅटरीतू..."

ते थांबले. रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. मग म्हणाले, "रेल्वेत तर कायम चालू राह्यते."

"रेल्वेची बॅटरी केवढी, तुमची केवढी? आणि तुम्ही गाडी चालवता किती, स्टेशनापर्यंत नि बाजारापर्यंत. रात्रभर पिऊन टाकलेलं तेवढ्यात भरतं का? पहाटे बॅटरी संपत आली की तुमचा रिले आपोआप सुटतो आणि घंटी उरलंसुरलं खाऊन टाकते. तो आवाज ऐकून तुम्ही बाहेर येता."

"म्हनजे चोर..."

"चोराला तुम्हीच आत बसवून वरून सील मारलंय."

मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, "हे तुम्हाले शालिकनं शिकवलं?"

"शालिकला घंटी माहीत नाही. तुम्ही गाडी दाखवली असती तर त्यानं पहिल्याच दिवशी शोधली असती."

"म्हनूनच नाही दाखवली," ते म्हणाले. "मेकॅनिकले ठावूक असलेली घंटी, ते घंटी कायची?"

एका परीनं बरोबर होतं ते. मी माझी अट सांगितली: घंटीचं मी कुणाला सांगणार नाही, शालिकला नाही, मावशींना नाही. पण ती काढून एक रात्र गाडी ठेवून बघायची. सकाळी हॉर्न वाजला तर होळीची गोष्ट बंद.

ते कबूल झाले. दुसऱ्या सकाळी हॉर्न असा वाजला की नळावरच्या बायकांच्या हातातल्या बादल्या सांडल्या. मी धावत बाहेर गेले. काकाजी गाडीशेजारी खाटेवर बसले होते, डोळे लाल, मांडीवर काठी.

"वाजला ना?" मी म्हटलं.

"वाजनारच. मी रातभर इथं बसलो होतो. मी बसलो हाय म्हटल्यावर थो चोर कायले येते?"

मी कपाळाला हात लावला नाही, पण लावावासा वाटला. आणि रागानं का होईना, मला दिसलं की त्यांच्या बाजूनं हिशेब चोख आहे. घंटी नव्हती तेव्हा ते होते. पहारा कुठेच तुटला नव्हता, मग पहाऱ्याशिवाय काय होतं हे कळणार कसं? खरी परीक्षा करायची तर घंटी नको, सील नको, आणि तेही नकोत. गाडी उघडी टाकून जायचं. आणि जाऊन जाऊन ठेवायची तर ज्याच्यावर संशय त्याच्याच दुकानात, कारण तिथे ठेवून माल राहिला तरच तो सुटतो.

मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांना बिनगार्डची गाडी सोडायला सांगतेय.

"अन् गेली तं?"

"गेली तर शालिक होळीपर्यंत कशाला, त्याच दिवशी जाईल. आणि मीही खोली सोडीन."

"तुमी काहून?"

"म्हणजे तुम्हाला दोघांवर संशय घ्यायची सोय."

हे त्यांना आवडलं. दोन-तीन दिवस ते नुसते गाडीभोवती फिरत होते. ताडपत्री उचलायचे, बघायचे, टाकायचे. मावशी मला म्हणाल्या, "ह्याहिचं जेवनावर ध्यान नाही. काल बरनीचं सील न पाहताच तोडलं." मग एका संध्याकाळी त्यांनी घंटीची पेटी काढली, पिशवीत घातली, गाडी ढकलत दुकानात नेली आणि शालिकला म्हणाले, "मी गोंदियाले बहिनीकडे जाऊन राहिलो. उद्या येतो. गाडी इथं राहू दे."

शालिक पाना हातात धरून उभाच राहिला. "काय करू तिचं?"

"काईच करू नको."

"सील?"

"नाही."

त्या रात्री दुकानाच्या कुलपावरही सील पडलं नाही. शालिक घाबरून माझ्या दाराशी आला. "बाई, हा डाव हाय. मले फसवून राहिले. आता सकाळी बॅटरी नसनार अन् पोलिस येनार."

"तू हात लावू नकोस म्हणजे झालं."

"मी कायले हात लावू? मी तं आज दुकानाकडे पाहनार बी नाही." आणि तो खरंच मान वळवून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी येत होते तेव्हा गोंदियाची पॅसेंजर येऊन गेली होती. काकाजी स्टेशनातून तडक येत होते, हातात पिशवी. घरात गेले नाहीत, पायही धुतले नाहीत. दुकानाच्या उंबऱ्यावर थांबले. शालिक एका मोटारसायकलीखाली होता. तो बाहेर सरकला आणि तसाच बसून राहिला. मी सायकल हातात धरून रस्त्यावरच थांबले. त्यानं चोरलं नसेल याची मला खात्री होती. पण बॅटरी जुनी झालेली असू शकते, एखादी तार कुठेतरी टेकत असू शकते, घंटीखेरीजही दुसरं काही बिघडलेलं असू शकतं, हे सगळं मला त्या क्षणी आठवलं. काकाजींनी हात पुढे केला, मागे घेतला, पंच्याला पुसला, आणि बटण दाबलं.

हॉर्न वाजला. भरलेला, मोठा, पहिल्या दिवसासारखा. त्यांनी बोट काढलंच नाही. पाळी सुटून येणारे सायकलवाले दोन्ही बाजूंना झाले, शेजारची बकरी दावं तोडून पळाली.

बोट काढल्यावर ते माझ्याकडे बघत म्हणाले, "वाजला."

"मग?"

"मंग काय? वाजला."

नंतर शालिककडे वळले. "होळीनंतर बी राहा. पन दुकानापुढं बकरी बांधू नको."

"माझी बकरी नाही, गार्डबाबू."

"मी तुझी म्हनलं का?"

आणि गाडी ढकलत वऱ्हांड्यात नेली. झालं ते एवढंच. चुकलं वगैरे शब्द त्यांच्याकडून निघाले नाहीत, मीही अपेक्षा केली नव्हती. शालिकचं लग्न उन्हाळ्यात झालं. वरातीच्या पुढे काकाजी स्कूटरवर होते आणि बँडवाल्यांना कुणी ऐकलं नाही.

हॉर्न वाजला त्या दिवसापासून त्यांनी दुकानाच्या कुलपावर सील लावणं सोडलं. बाकी सगळं चालू होतं: बरणी, खोकं, गाडीचं झाकण. फक्त दुकानाचं कुलूप मोकळं. मला वाटलं शालिक खूश होईल. तो रोज सकाळी कुलूप उलटंसुलटं करून बघायचा आणि मला विचारायचा, "बाई, सील काहून नाही लावून राहिले? काय शिजून राहिलं?" मी शब्द दिला होता, त्यामुळे त्याला घंटीचं सांगता येत नव्हतं. तो बरेच महिने सावध होता. पुढे तो स्वतःच रात्री कुलपावर ग्रीसचं बोट ओढून जायला लागला, सकाळी कुणी हात लावलाय का ते कळावं म्हणून.

माझ्या मीटरवरचं सील मात्र मी वरठी सोडेपर्यंत होतं. उलट त्या प्रकरणानंतर त्यावर एकाऐवजी दोन ठसे यायला लागले. बदलीचा हुकूम आला तेव्हा शेवटचा आकडा वाचायला आम्ही दोघं मीटरखाली उभे होतो. मी विचारलं, "काकाजी, शालिकचं सील काढलं, माझं काहून ठेवलं?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही ठसे टॉर्चच्या उजेडात तपासले आणि म्हणाले, "त्याले काई समजलं नव्हतं, बाई. तुम्हाले समजलं होतं."

मग त्यांनी सील फोडलं. आकडा त्यांनी वाचला. मी पण वाचला.